राखीव कनेक्शन आधीच कुणीतरी धरून बसलं होतं

महिनाअखेरची दुपार. न्हावा शेवाला जाणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं ज्या प्रणालीतून निघतात, ती अंधेरीच्या ऑफिसात एकाएकी गोठली. डेटाबेस महापेच्या डेटा सेंटरमध्ये, मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरवर. पहिला फोन आला तो बंदरावरच्या माणसाचा: "साहेब, गाड्या गेटवर उभ्या आहेत, पास निघत नाहीये." पाठोपाठ वरून विचारणा झाली, रीस्टार्ट मारायचा का?

लक्षणं बोलकी होती. सीपीयू चार-पाच टक्क्यांवर, मेमरी नेहमीसारखी, डिस्क शांत. सर्व्हरचा पोर्ट तपासला तर लगेच उघडत होता, पण लॉगिन मात्र वेळ संपेपर्यंत अडकून राहत होतं. पोर्ट उघडणं आणि लॉगिन होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॉगिन तपासायलासुद्धा एक वर्कर थ्रेड, म्हणजे सर्व्हरच्या आतला प्रत्यक्ष काम करणारा गडी, लागतो, आणि तेच संपले की सर्व्हर धडधाकट दिसूनही कुणालाच आत घेत नाही. चौसष्ट-बिट सर्व्हरवर चार कोअरपर्यंत ५१२ वर्कर मिळतात आणि त्यापुढे प्रत्येक कोअरमागे १६ वाढतात. आमचा सर्व्हर आठ कोअरचा, म्हणजे मर्यादा ५७६. एररलॉग, म्हणजे सर्व्हरची घडामोडींची नोंदवही, ही साधी मजकूर फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते, त्यासाठी लॉगिन लागत नाही. तिच्यात १७८८४ क्रमांकाचा संदेश येऊन पडला होता: नव्या क्वेरी (डेटाबेसला केलेल्या विचारणा) ६० सेकंदांत कुठल्याच वर्करने उचललेल्या नाहीत.

नेमक्या अशा वेळेसाठी डीएसी, म्हणजे डेडिकेटेड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कनेक्शन असतं. एसक्यूएल सर्व्हर २००५ पासून ते आहे. त्याला स्वतःचा वेगळा शेड्यूलर (कामं वाटून देणारा भाग) आणि राखून ठेवलेली साधनं मिळतात, त्यामुळे बाकीचे ५७६ अडकले तरी ते चालतं. फक्त सिसअ‍ॅडमिनलाच (सर्व्हरचे सगळे अधिकार असलेल्यालाच) मिळतं, आणि एका वेळी एकालाच. 'एकालाच' हा शब्द त्या दिवशी महागात पडला.

पहिला अडथळा अपेक्षित होता. मूळ सेटिंगमध्ये डीएसी फक्त १२७.०.०.१ वर ऐकतं, म्हणजे त्याच मशीनवरून. अंधेरीतून थेट जमणार नव्हतं. रिमोट डेस्कटॉप चालू होता, तिथून सर्व्हरवर उतरलो. कमांड प्रॉम्प्टवर एसक्यूएलसीएमडीला, म्हणजे सर्व्हरशी आज्ञांनी बोलणाऱ्या प्रोग्रामला, कॅपिटल 'ए'चा पर्याय देऊन चालवलं, तर सर्व्हर सापडत नसल्याचा संदेश.

याचं कारण असं की ही नेम्ड इन्स्टन्स होती, म्हणजे मशीनवर वेगळ्या नावाने चालणारी सर्व्हरची प्रत. डीफॉल्ट इन्स्टन्सचं डीएसी टीसीपी १४३४ वर बसतं. नेम्ड इन्स्टन्सला मात्र सर्व्हिस सुरू होताना गतिमान पोर्ट मिळतो आणि तो सांगण्याचं काम एसक्यूएल ब्राउझर सर्व्हिस यूडीपी १४३४ वरून करते. सुरक्षेच्या आढाव्यात ब्राउझर बंद केलेला होता. तो निर्णय चुकीचा नाही, पण मग पोर्ट माहीत हवा. तो एररलॉगच्या सुरुवातीच्या भागातच सापडतो: डेडिकेटेड अ‍ॅडमिन कनेक्शन अमुक पोर्टवर स्थानिक पातळीवर ऐकत आहे, अशी ओळ असते. आमचा निघाला ५१८९३. पोर्ट हातात आला की 'ए'च्या पर्यायाचीही गरज नाही. सर्व्हरच्या जागी १२७.०.०.१, स्वल्पविराम, पोर्ट, एवढं पुरतं. सोबत डेटाबेस म्हणून मास्टर (सर्व्हरचा स्वतःचा डेटाबेस) सांगावा, कारण तुमच्या लॉगिनचा डीफॉल्ट डेटाबेसच बंद असेल तर दारातूनच परत यावं लागतं. लॉगिनची मुदतही वाढवावी, एसक्यूएलसीएमडीची मूळची ८ सेकंद अशा वेळी अपुरी पडतात. आणि एसक्यूएलसीएमडी ओडीबीसी ड्रायव्हर १८ वरची असेल तर एन्क्रिप्शन सक्तीचं धरलं जातं. सर्व्हरचं प्रमाणपत्र स्वतःच सही केलेलं असल्यास कॅपिटल 'सी'चा पर्याय दिल्याशिवाय कनेक्शन तुटतं.

हे सगळं देऊनही कनेक्शन जोडल्याजोडल्या तुटलं. पडद्यावरचा संदेश मोघम होता. अशा वेळी पडद्यावर विसंबू नये, एररलॉगच्या शेवटी पाहावं. तिथे १७८१० होता: एकच डेडिकेटेड कनेक्शन मिळू शकतं आणि ते आधीच वापरात आहे.

आता पेच असा की ते कुणाकडे आहे हे सेशनच्या व्ह्यूमधून (सर्व्हरच्या आतल्या जोडण्यांच्या यादीतून) कळतं, एंडपॉइंट म्हणजे जोडणीचं दार क्रमांक १, डीएसीचं, असलेलं सेशन शोधायचं. पण त्यासाठी आत तर जायला हवं! इथे मूळच्या बंधनाचाच उपयोग झाला. रिमोट डीएसी बंद आहे, म्हणजे धरून बसलेला माणूस याच मशीनवर असला पाहिजे. मग ते विंडोजलाच विचारता येतं. नेटवर्क जोडण्यांची यादी देणारी नेटस्टॅट -एएनओ आज्ञा चालवून ५१८९३ असलेल्या ओळी वेगळ्या काढल्या. तीन मिळाल्या. एक ऐकणारी, प्रोसेस क्रमांक एसक्यूएल सर्व्हरचा. दुसरी जोडलेली, क्रमांक तोच. तिसरी त्याच जोडणीचं उलटं टोक, आणि तिच्यापुढे निराळा क्रमांक. लूपबॅकवर, म्हणजे मशीनने स्वतःशीच केलेल्या जोडणीवर, दोन्ही टोकं एकाच यादीत दिसतात, हे फार सोयीचं असतं. तो क्रमांक टास्कलिस्टमध्ये पाहिला: मॅनेजमेंट स्टुडिओ (एसक्यूएल सर्व्हर हाताळायचा प्रोग्राम), विंडोज सेशन ३. विंडोजच्या 'क्वेरी यूजर' आज्ञेने दाखवलं की सेशन ३ डिस्कनेक्ट अवस्थेत आहे. कुणीतरी बऱ्याच आधी सर्व्हरच्या नावापुढे 'अ‍ॅडमिन:' लावून डीएसी चालतं का ते पाहिलं होतं आणि रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीची फुली दाबून गेलं होतं. फुलीने लॉगऑफ होत नाही. आतली क्वेरीची खिडकी उघडी, आणि आणीबाणीचं एकमेव कनेक्शन तिच्या हातात.

त्या खिडकीत जतन न केलेलं काही असू शकतं म्हणून खातेदाराला फोन लावला. त्याने "काही नाही, करा बंद" म्हटल्यावर सेशन ३ लॉगऑफ केलं. पुढच्या प्रयत्नाला आत.

आत गेल्यावर हात आवरता ठेवावा लागतो. डीएसीवर समांतर क्वेरी चालत नाहीत, बॅकअप-रीस्टोर नाकारले जातात, साधनं जेमतेम असतात. सुरुवातीलाच लॉक टाइमआउट (कुलूपबंद डेटासाठी थांबायची मुदत) लहान करून ठेवावा. ऑब्जेक्टची नावं काढणारी फंक्शन्सही टाळावीत. कुणी टेबलची रचना बदलणारा व्यवहार (ट्रान्झॅक्शन) उघडा ठेवला असेल तर तीच अडकतात. क्रमांकांवर काम भागवावं.

डीएम_ओएस_वेटिंग_टास्क्सची, म्हणजे थांबलेल्या कामांच्या यादीची, वेट प्रकारानुसार मोजणी केली. थ्रेडपूलची, म्हणजे वर्करची वाट पाहणाऱ्यांची, रांग होती, त्यांचा सेशन क्रमांक रिकामा, कारण त्यांना अजून वर्करच मिळालेला नाही; रिक्वेस्टच्या व्ह्यूमध्ये ते दिसतच नाहीत. आणि त्यांच्यापुढे शेकडो एलसीके_एम_आयएस आणि एलसीके_एम_आयएक्स, म्हणजे वाचण्या-लिहिण्यासाठी लॉकची वाट पाहणारे. म्हणजे एका टेबलवर कुणाचं तरी पूर्ण टेबलभर एक्स लॉक (दुसऱ्या कुणाचाही लॉक न चालू देणारं कुलूप). अडवणाऱ्यांची साखळी मागे मागे नेली तर सगळ्यांचं टोक एकाच सेशनवर येत होतं, आणि ते सेशन चालणाऱ्या रिक्वेस्टमध्ये नव्हतं. बरेच जण इथेच गोंधळतात. झोपलेलं सेशनही लॉक धरून ठेवतं. डीएम_एक्झेक_सेशन्समध्ये ते मिळालं: अवस्था स्लीपिंग, उघडे व्यवहार १. इनपुट बफरमध्ये (सेशनने शेवटी पाठवलेल्या आज्ञेत) बिगिन ट्रान आणि कंटेनरच्या स्थितीचा हाताने चालवलेला अपडेट. कमिट नाही, रोलबॅक नाही, म्हणजे व्यवहार पक्काही केला नव्हता आणि मागेही घेतला नव्हता. अपडेटची अट सैल असल्याने ५,००० च्या वर लॉक गेले आणि ते एस्कलेट होऊन अख्खं टेबल कुलूपबंद झालं.

एका अडथळ्याने सगळं का बुडावं, याचं उत्तर अ‍ॅप्लिकेशनच्या बाजूला होतं. सहा अ‍ॅप सर्व्हर, प्रत्येकाच्या कनेक्शन पूलची (पुन्हा पुन्हा वापरायच्या जोडण्यांच्या साठ्याची) मूळ मर्यादा १००. सहाशे विनंत्या ५७६ वर्कर सहज खातात. त्यातून कमांड टाइमआउट शून्य ठेवलेला, म्हणजे अमर्याद थांबा. मूळची ३० सेकंदांची मुदत असती तर निदान थांबलेल्या विनंत्या सुटत राहिल्या असत्या. वर्करची मर्यादा वाढवूया अशी सूचना त्या गडबडीत आलीच. रांग तेवढी लांबली असती, कुलूप तसंच.

होस्टच्या नावावरून माणूस कळला, पण जागेवर नव्हता. किल (सेशन जबरीने संपवायची आज्ञा) देण्याआधी व्यवहाराने किती लॉग वापरला ते डीएम_ट्रान_डेटाबेस_ट्रान्झॅक्शन्समध्ये पाहिलं, कारण रोलबॅकला लागणारा वेळ साधारण त्यावर ठरतो आणि तो एकाच थ्रेडवर चालतो. आकडा काही मेगाबाइटांचाच होता. किल दिला, स्टेटसओन्लीने प्रगती पाहिली, रोलबॅक आटोपताच थ्रेडपूलची रांग विरघळली. बंदरावरून पास निघाल्याचा निरोप आला. डीएसीतून लगेच एक्झिट केलं.

रीस्टार्टनेही गाड्या सुटल्या असत्या, हे खरं. पण कुलूप कुणाचं, मुदत कुठे शून्य, यातलं काहीच हाती लागलं नसतं आणि पुढच्या महिनाअखेरीला पुन्हा तेच.

त्याच संध्याकाळी सर्व्हरच्या सेटिंग बदलणाऱ्या एसपी_कॉन्फिगरने 'रिमोट अ‍ॅडमिन कनेक्शन्स' १ केलं. रीकॉन्फिगर पुरतं, सर्व्हिस थांबवावी लागत नाही. रिमोट डेस्कटॉपच गोठला तर हाच मार्ग उरतो. क्लस्टरवर तर हे चालू ठेवण्याची शिफारस मायक्रोसॉफ्टचीच आहे. डीएसीचा पोर्ट रजिस्ट्रीत पक्का केला, तो पुढच्या सर्व्हिस रीस्टार्टपासून लागू होतो, आणि फायरवॉलमध्ये फक्त जंप सर्व्हरसाठी (ज्यातून बाकी सर्व्हरवर जायचं त्या मधल्या मशीनसाठी) उघडला. ज्यांच्याकडे एक्सप्रेस आवृत्ती आहे त्यांनी लक्षात ठेवावं, तिथे ट्रेस फ्लॅग ७८०६ लावून सुरू केल्याशिवाय डीएसी ऐकतच नाही.

एवढ्यावर काम संपत नव्हतं, कारण रिमोट चालू केल्यावर धरून बसणारा कुठल्याही मशीनवर असू शकतो. म्हणून एक नेहमीचा जॉब लावला: एंडपॉइंट १ वर काही मिनिटांहून जुनं सेशन दिसलं की होस्ट आणि लॉगिनच्या नावासह मेल. त्याच जॉबमध्ये उघडा व्यवहार घेऊन झोपलेली सेशन्सही येतात. वरच्या सगळ्या क्वेरी एका फाइलमध्ये सर्व्हरच्या डिस्कवरच ठेवल्या आहेत, आणि शिफ्टवरच्या प्रत्येकाने जंप सर्व्हरवरून डीएसीत शिरून ती चालवायची आणि एक्झिट टाइप करून बाहेर पडायचं, हा सराव दर महिन्याच्या पॅचिंगच्या रात्री होतो.