ट्यूनिंगला हात लावण्याआधी व्हॉल्व्ह बघा

आजचा दिवस एका झुलणाऱ्या फ्लो लूपमागे (फ्लो मोजून कंट्रोलर व्हॉल्व्हने तो हवा तेवढा ठेवतो, ती व्यवस्था) गेला, म्हणून हे लिहून ठेवतोय.

पीव्ही (मोजलेला फ्लो) सेटपॉइंटच्या (हव्या असलेल्या फ्लोच्या) वरखाली झुलायला लागला की सगळ्यांचा हात आधी पीआयडीच्या, म्हणजे कंट्रोलरच्या ट्यूनिंगच्या, आकड्यांकडे जातो. गेन (फरकाला किती जोराने प्रतिसाद द्यायचा) कमी, इंटिग्रल टाइम (उरलेला फरक किती सावकाश भरून काढायचा) जास्त. व्हॉल्व्ह अडकत असेल तर याने झुलणं फक्त संथ होतं, थांबत नाही. (आणि वर ‘ट्यूनिंग झालं’ अशी नोंदही होते!)

आधी ऑपरेटरला सांगून कंट्रोलर मॅन्युअलवर टाका, म्हणजे व्हॉल्व्हला जाणारं आउटपुट स्थिर राहील. तरीही झुलतंय? मग कारण बाहेर: पंप, सप्लायचा दाब किंवा शेजारचा लूप. थांबलं, तर दोष याच लूपमध्ये. आता ऑटोमधला जुना ट्रेंड (नोंदींचा आलेख) काढा. आउटपुट करवतीच्या दातांसारखं आणि फ्लो चौकोनी पायऱ्यांसारखा दिसत असेल, तर संशय स्टिक्शनवर, म्हणजे व्हॉल्व्ह घर्षणाने अडकून मग झटक्यात सुटण्यावर.

खात्रीसाठी मॅन्युअलमध्येच आउटपुट एकाच दिशेने ०.५ टक्क्याने वाढवत जा, दर पायरीला थांबून. चार पायऱ्या काहीच नाही आणि पाचवीला फ्लोने उडी मारली, तर व्हॉल्व्ह सुमारे २.५ टक्के अडकतोय. ऑटोमध्ये इंटिग्रल तेवढ्या वेळात आउटपुट ढकलत राहतो, व्हॉल्व्ह सुटतो तो गरजेपेक्षा पुढे जातो, मग उलट दिशेने तेच.

नेहमीचं कारण म्हणजे गळती थांबवायला वाजवीपेक्षा जास्त आवळलेलं ग्लँड पॅकिंग (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं सील). त्यानंतर पोझिशनरची (व्हॉल्व्हला आउटपुटप्रमाणे जागेवर नेणाऱ्या उपकरणाची) ढिली लिंकेज आणि इन्स्ट्रुमेंट एअरचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या हवेचा) कमी दाब तपासा. ट्यूनिंग त्यानंतर.