अंडरग्राउंड अटलांटा: पुलाखाली राहिलेली बाजारपेठ

"मामा, तिथे आता बघण्यासारखं काय उरलंय?" भाचीचा प्रश्न रास्त होता. ती अल्फारेटाला, अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरात, राहते. दुकानं, सिनेमा, हॉटेलं सगळं तिथेच मिळतं, मग अटलांटाच्या जुन्या भागात जायचं कशाला? तरी मी तिला नेलंच. नॉर्थ स्प्रिंग्ज स्टेशनला गाडी लावून मार्टाने, म्हणजे इथल्या मेट्रोने, फाइव्ह पॉइंट्सला उतरलो. अंडरग्राउंड अटलांटा स्टेशनला लागूनच आहे.

पायऱ्या उतरल्यावर थक्क झालो. तळघर कसलं, हा तर अख्खा रस्ता! अटलांटा रेल्वेमुळे वसलेलं शहर. रुळांपाशी मोटारींची कोंडी होऊ लागली तेव्हा, १९२०च्या दशकात, रुळांवर पूल बांधून रस्तेच एक मजला वर नेले. दुकानदारांनीही वर बिऱ्हाड हलवलं आणि मूळ तळमजल्यांची गोदामं झाली. म्हणून लोअर अलाबामा स्ट्रीटवर विटांच्या कमानी नि ओतीव लोखंडाचं काम अजून टिकून आहे. एका दुकानाच्या दर्शनी खांबावरून हात फिरवला. रंगाच्या जाड थराखालचे उंचवटे बोटांना लागत होते. वर पाहिलं तर आभाळाच्या जागी काँक्रीट.

१९६९मध्ये इथे बार आणि गाण्याबजावण्याच्या जागा सुरू झाल्या नि गर्दी लोटली. पुढे मेट्रोच्या कामात बराच भाग पाडला गेला. आसपासच्या परगण्यांत दारूचे नियम सैल झाल्यावर लोकांना इथवर येण्याची गरज उरली नाही. गुन्हेगारीची भीती होतीच. १९८२पर्यंत सगळ्याला टाळं लागलं. १९८९मध्ये १४ कोटी २० लाख डॉलर खर्चून पुन्हा दुकानं थाटली. १९९०मध्ये शेजारी कोकाकोलाचं संग्रहालय आलं, १९९६मध्ये ऑलिंपिक. पण २००७मध्ये संग्रहालय दुसरीकडे गेलं आणि मॉल हळूहळू रोडावला. २०१७मध्ये महापालिकेने तो विकला, २०२०मध्ये पुन्हा मालक बदलला.

मला वाटतं, दोन्ही वेळा सगळी भिस्त बाहेरून येणाऱ्यांवर ठेवली. संध्याकाळी पिशवी घेऊन खाली उतरेल असा शेजारच नव्हता. मोठे सोहळे चार दिवस गर्दी आणतात. दुकानाचं भाडं मात्र वर्षभर द्यावं लागतं.

आता बरेच गाळे रिकामे आहेत, काहींत कलादालनं आहेत. एका गाळ्यात एक मुलगी जमिनीवर बसून भला मोठा कॅनव्हास रंगवत होती. आम्ही दारात घुटमळलो तर तिने आत बोलावलं, रंग वाळेपर्यंत गप्पा मारल्या. मला हे एखाद्या नव्या ब्रँडच्या शोरूमपेक्षा लाख पटींनी आवडलं. केनीज अ‍ॅलीत मॅस्करेड हे संगीतस्थळ आहे. त्याच्या दालनांची नावं हेवन, हेल आणि पर्गेटरी! ते २०१६च्या अखेरीस इथे आलं, तेव्हापासून तरुण मंडळी पुन्हा या जिन्यांवर दिसतात. भाचीने तिथेच उभ्या उभ्या पुढच्या महिन्याचे कार्यक्रम पाहिले.

अटलांटाला येणारे आपले बहुतेक पाहुणे कोकाकोला आणि मत्स्यालय पाहून परततात. तिथून ही जागा पायी वीसेक मिनिटांवर आहे. जा जरूर, पण संध्याकाळी जा. दुपारी फार सामसूम असते.