रात्रीची भट्टी दिवसावर आणताना: माझा अनुभव

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. विजेवर चालणारी ५०० किलोवॉटची एक इंडक्शन भट्टी, अर्ध्या टनाच्या दहा हीट (भट्टीचा एक घाणा म्हणजे एक हीट), म्हणजे रोजचा पाच टन रस, अर्थात वितळलेलं लोखंड, आणि चाळीस माणसं. बाबांनी उभी केलेली. गेली नऊ वर्षं हिशेब, खरेदी आणि ग्राहकांची बोलणी मी बघते. २०२५ च्या जुलैपासून पुढचे चार महिने आम्हाला कारखान्याचं सगळं वेळापत्रक मोडून पुन्हा बांधावं लागलं. आमच्यासारख्याच कुणाला उपयोग होईल म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

आमची भट्टी कायम रात्री चालायची. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत औद्योगिक विजेवर युनिटमागे दीड रुपया सवलत होती. एक टन बीड (ओतीव लोखंड) वितळवायला आमच्याकडे साधारण ६०० युनिट लागतात. पाच टनाला ३,०००. म्हणजे एका रात्रीचे ४,५०० रुपये वाचायचे, महिन्याच्या २५ रात्रींचे १,१२,५००. किलोमागे नव्वद पैसे. कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव तुकड्यांच्या, धंद्यात एक रुपयावरून ऑर्डर शेजाऱ्याकडे जाते, त्यामुळे हे नव्वद पैसे काय आहेत ते या लाइनमधल्या माणसाला सांगावं लागत नाही.

१ जुलै २०२५ पासून वीज नियामक आयोगाचे नवे दर लागू झाले आणि ही रात्रीची सवलत गेली. नव्या दरांत सवलत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत होती आणि संध्याकाळी ५ ते मध्यरात्रीपर्यंत जादा आकार. कारण समजण्यासारखं आहे. राज्यात सौरऊर्जा वाढली, दुपारी वीज मुबलक असते आणि दिवे लागले की टंचाई सुरू होते. सरकारला मागणी दुपारकडे ढकलायची आहे. आमच्या भट्टीची वेळ मात्र या नव्या घड्याळाच्या बरोबर उलटी पडली. त्यातून आमची पहिली हीट दहाला सुरू व्हायची, म्हणजे पहिले दोन तास सवलत तर नाहीच, वर जादा आकार.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बिल आलं. मी जूनचं आणि जुलैचं बिल टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं आणि बाबांना बोलावलं. त्या रात्री आम्ही तीन वाटा कागदावर मांडल्या.

पहिली, ग्राहकाकडून दर वाढवून घ्यायचा. ती तिथेच संपली, कारण आमच्या करारांत भंगार आणि पिग आयर्नचा (कच्च्या लोखंडाचा) भाव बदलला तर दर बदलतो, विजेचा उल्लेखच नाही. (नवीन करार करणाऱ्यांनी हे कलम आधी घालून घ्यावं. आम्ही आता घालतो.) दुसरी, शेडवर सोलर. पण दिवसाची वीजच स्वस्त झाल्यावर सोलरचा परतावा लांबतो आणि कर्ज मात्र आजपासून सुरू होतं. तिसरी वाट उरली, भट्टी दिवसा चालवायची.

कागदावर ती सोपी दिसते. आमच्याकडे दिवसा साचे भरायचे, रात्री ओतकाम आणि पहाटे शेक आउट (साचे फोडून तुकडे बाहेर काढणं) असा फेरा होता. ओतकाम दिवसा आणायचं तर साचे आदल्या रात्री भरावे लागणार. आम्ही तसंच सुरू केलं आणि पहिल्याच आठवड्यात तोंडावर आपटलो. रात्री भरलेले ग्रीन सँडचे, म्हणजे ओलसर वाळूचे, साचे सकाळपर्यंत सुकायचे, कडा ढासळायच्या आणि माती कास्टिंगमध्ये जायची.

त्याहून मोठी अडचण आमच्या भट्टीवाल्या मामांनी सांगितली. मामा बावीस वर्षं भट्टीवर आहेत. रस किती तापलाय ते ते नुसत्या रंगावरून सांगतात आणि सहसा चुकत नाहीत. दुपारच्या एका हीटला ते मला भट्टीपाशी घेऊन गेले. पश्चिमेच्या मोठ्या दारातून ऊन आत आलेलं. म्हणाले, "ताई, बघा. रात्री ह्योच रस पिवळाधमक दिसतो. आता उन्हात समदा एकसारखाच दिसतोय. मी सांगू कशावरून?" मी वाकून पाहिलं. खरंच, लॅडलमधला (रस ओतायच्या डोलातला) रस फिकट, धुरकट दिसत होता. त्या आठवड्यात पातळ भिंतींच्या तुकड्यांत दोन धारा न जुळल्याच्या रेषा येत होत्या. थंड रस ओतल्याची ती खूण. एरवी आमचं रिजेक्शन, म्हणजे बाद होणारे तुकडे, शंभरात चार असतं, त्या आठवड्यात अकरावर गेलं. ऑफिसात बसून हे मला कधीच कळलं नसतं.

मग आम्ही दोन गोष्टी केल्या. रसात बुडवून तापमान मोजायचा थर्मोकपल घेतला आणि प्रत्येक हीटला तो वापरायचाच असा नियम केला. आमचे बहुतेक तुकडे १,४०० अंशांच्या आसपास ओततो, तो आकडा फळ्यावर खडूने लिहायला लागलो. आणि मामांच्या सांगण्यावरून पश्चिमेच्या दारावर जाड ताडपत्रीचा पडदा लावला. साचे भरणाऱ्यांची पाळी पहाटे पाचची केली, म्हणजे साचा भरला की चार-पाच तासांत ओतला जाईल. शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून तुकडे साफ करणं) नऊच्या आत उरकायचं ठरवलं. भट्टी आणि बाकीची मशिनं एकदम चालली तर कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) ओलांडली जाते आणि दंड बसतो. रात्री फक्त भट्टी चालायची, तेव्हा हा प्रश्नच नव्हता.

सगळ्यात कठीण होतं ते माणसांचं. आमची निम्मी माणसं सावळी, तानंग, कवलापूरकडची. घरची अर्धा-एक एकर द्राक्षबाग. रात्री भट्टी, सकाळी झोप, दुपारी बाग, असा त्यांचा संसार या पाळीवर उभा होता. आम्ही पाळी बदलतोय म्हणजे त्यांच्या बागेचा दिवस काढून घेतोय, हे मला बैठकीत बसल्यावर कळलं. पगार वाढवून मागायला कुणी आलं नाही. एकाने एवढंच विचारलं, "फवारणी कवा करायची, ताई?" त्याला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ती बैठक तीन वेळा झाली. शेवटी असं ठरलं की पहाटेच्या पाळीला दुपारी एकला सुट्टी, ही पाळी ज्यांची बाग आहे त्यांना आधी द्यायची, आणि ऑक्टोबर छाटणीत भट्टीवरच्या माणसांनी आळीपाळीने रजा घ्यायची. तरी दोघे सोडून गेले. दोघेही चांगले कारागीर. ते मला अजून लागतं.

ही घडी बसत होती तोवर दुसरा धक्का आला. आमचा जवळजवळ तिसरा हिस्सा माल एका मोठ्या ग्राहकाकडे जायचा. तो मशीनिंग करून अमेरिकेला पाठवायचा. २७ ऑगस्टला अमेरिकेने भारतीय मालापैकी बऱ्याच मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. घरी आरती चालू असताना फोन आला, "पुढची तीन शेड्यूल होल्ड." आवाजात राग नव्हता, त्यालाही पर्याय नव्हता. बाबा मूर्तीसमोर बराच वेळ उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पॅटर्नच्या खोलीत बसलो. (ज्या नमुन्यावरून साचा घडवतात तो पॅटर्न.) माझ्या मते धोरण तिथेच ठरतं, कारण कंपनीला काय बनवता येतं ते त्या रॅकवर दिसतं. सहा वर्षांपूर्वी ट्रॅक्टरच्या पुढच्या ॲक्सलचा सपोर्ट बनवायचो, दर परवडेना म्हणून थांबवला होता. पॅटर्न धूळ खात होता, पण शाबूत होता. सप्टेंबरच्या सुरुवातीला जीएसटी परिषदेने ट्रॅक्टरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आणायचा निर्णय जाहीर केला, ट्रॅक्टरचे बरेच सुटे भागही १८ वरून ५ वर. लागू होणार २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेला. ट्रॅक्टर स्वस्त झाला की मागणी येणार, हे सांगलीच्या बाजारात कुणालाही समजतं. आम्ही जुन्या ग्राहकाला फोन केला आणि दहा दिवसांत नमुने दिले.

ऑर्डर मिळाली. पण त्यातली मेख आमच्या सीएंनी दाखवली. आम्ही भंगार घेतो १८ टक्के जीएसटीने, सपोर्ट विकणार ५ टक्क्यांनी. एक लाखाच्या भंगारावर १८,००० भरायचे, त्याचा दीड लाखाचा माल विकला तर ग्राहकाकडून कराचे ७,५०० येणार. बाकीचे १०,५०० सरकारकडे क्रेडिट म्हणून पडून. ते बुडत नाहीत, इन्व्हर्टेड ड्युटीचा (खरेदीवर कर जास्त, विक्रीवर कमी) रिफंड मागता येतो. पण रिफंड येईपर्यंत तो पैसा आपल्या खेळत्या भांडवलातून जातो. छोट्या कारखान्याला नफ्यापेक्षा ही रोकड जास्त छळते. म्हणून मी दर बोलताना पेमेंटवर जोर दिला. आमची उद्यम नोंदणी लघु उद्योगाची आहे. लेखी करार असेल तर ४५ दिवसांच्या आत पैसे देणं ग्राहकाला कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि उशीर केला तर आयकरात त्या खर्चाची वजावट पैसे दिलेल्या वर्षीच मिळते. हे कलम दाखवल्यावर ६० दिवसांचा आग्रह सुटला. दरात आम्ही थोडं सोडलं, मुदतीत नाही सोडलं.

खंडेनवमीला भट्टीची पूजा दिवसाउजेडी झाली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच सगळ्या पाळ्यांची माणसं एकत्र होती, बायका-मुलंही आली. अमेरिकेच्या मालाची तूट सगळी भरून निघालेली नाही. साधारण अर्धी निघाली आहे आणि ट्रॅक्टरचा हंगाम उतरल्यावर काय, हा प्रश्न पुढे आहेच.

नोव्हेंबरमध्ये ऑक्टोबरचं बिल आलं. जूनच्या आकड्याच्या अगदी जवळ. मी ते घेऊन शेडमध्ये गेले. शेवटची हीट ओतून झाली होती, साडेचार वाजले होते. मामांनी बिलाकडे बघून मान हलवली आणि दाराकडे बोट केलं. सूर्य दक्षिणेला सरकला होता आणि पडद्याच्या कडेने उन्हाची एक पट्टी थेट लॅडलवर येत होती.

"ताई, पडदा अजून दोन हात वाढवा. आन् उद्या मी दुपारी जाणार हाय, छाटणीची माणसं आल्यात. धाकट्याला थर्मोकपल शिकवलंय मी."