तो अर्ज कुणी उघडलाच नव्हता

आमच्या खरेदी विभागात एक जागा भरायची होती. समोर बसलेल्या बाईंची पहिली फेरी बेताचीच झाली. हुशार वाटत होत्या, पण जुन्या कामाचा विषय निघाला की उत्तर आखडतं घ्यायच्या. शेवटी रीतीप्रमाणे मी विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?" यावर सहसा पगार, सुट्ट्या, निकाल कधी, एवढंच येतं. त्या म्हणाल्या, "मॅडम, मागच्या वर्षी मी इथेच अर्ज केला होता. तेव्हा मला का नाकारलं, कळेल का?"

भरतीच्या कामात बरीच वर्षं काढली, पण हा प्रश्न इतक्या सरळपणे मला कुणी विचारला नव्हता. त्यांच्यापाशी उत्तर तयारही होतं. वय चाळिशीपुढचं, मध्ये तीन वर्षांचा खंड, "आणि हल्ली कॉम्प्युटरच बायोडेटा फेकून देतो ना!"

मी सिस्टीममध्ये त्यांचं नाव टाकलं. दोन नोंदी आल्या, एक या वेळची आणि एक जुनी. जुन्या नोंदीपुढे स्थिती होती 'नवीन'. शेजारी, अर्ज कुणी आणि कधी उघडला याचा रकाना कोरा. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांना कुणी नाकारलं नव्हतं. तो अर्ज कुणी वाचलाच नव्हता.

कारण अगदी साधं होतं. त्यांचा अर्ज आला तेव्हा त्या जागेसाठी माणूस ठरला होता, ऑफर लेटर गेलं होतं आणि तो आधीच्या कंपनीत नोटीस पिरियड भरत होता. असा उमेदवार ऐनवेळी फिरला तर पंचाईत नको, म्हणून तो रुजू होईपर्यंत जाहिरात तशीच ठेवतात. बाहेरच्याला हे कसं कळावं? जाहिरात दिसते म्हणजे जागा रिकामी आहे, असंच कुणीही धरून चालणार.

सॉफ्टवेअरबद्दलही त्यांचा समज अर्धाच खरा होता. फॉर्ममध्ये काही हो-नाही स्वरूपाचे प्रश्न असतात, अमुक परवाना आहे का, किमान अनुभव आहे का. तिथे 'नाही' लिहिलं तर काही कंपन्यांत अर्ज आपोआप बाजूला पडतो. दोन रकान्यांत, चौकटी आखून सजवलेला बायोडेटा वाचताना यंत्राचा गोंधळही होतो. पण आमच्याकडे ते मुख्यतः अर्ज साठवतं आणि मी शब्द टाकला की शोधून देतं. निवड माणूसच करतो. त्याच्याकडे वेळ कमी असतो, हा खरा अडथळा.

मग मी विचारलं, "उत्तर आलं नाही म्हणून तुम्ही पुढे काय केलंत?" त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून मला फार वाईट वाटलं. वय दिसू नये म्हणून त्यांनी पहिल्या दोन नोकऱ्या बायोडेटातून काढून टाकल्या होत्या. पदवीचं वर्ष खोडलं. खंडाबद्दल अवाक्षर नाही. अपेक्षित पगारही खाली आणला. अर्जांना उत्तर येत नव्हतं आणि दर वेळी त्या स्वतःमधलं थोडं आणखी कापत होत्या. काढलेल्या नोकऱ्यांपैकी एक होती छोट्या कारखान्याच्या स्टोअरची. चार पुरवठादारांकडून दरपत्रकं मागवायची, आलेला माल मोजून घ्यायचा, ऑर्डर, पोच आणि बिल जुळवायचं. आम्ही नेमकं हेच काम करणारं माणूस शोधत होतो! मुलाखतीत त्या का आखडत होत्या, तेही आता कळलं. अनुभव होता, पण तो लपवायचा असं त्या ठरवून आल्या होत्या.

पगार कमी मागून फारसं साधत नाही, हेही मी त्यांना सांगितलं. बहुतेक ठिकाणी जागेचा पगार किमान ते कमाल असा आधीच मंजूर असतो. त्याहून खाली मागणाऱ्याबद्दल उलट शंका येते.

या वेळी त्यांना जागेची खबर एका जुन्या सहकाऱ्याने दिली होती. कधीतरीच भेट होणारा माणूस. "वशिल्यानं आल्यासारखं वाटतं," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. मला हे मुळीच पटलं नाही. निवड कुणी करून दिली नव्हती, फक्त वेळेवर बातमी दिली होती. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्येच दाखवलं होतं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना खबर देणारा बहुतेकदा अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारा माणूस असतो. जवळच्यांना आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं. 2022 मध्ये लिंक्डइनच्या 2 कोटींहून अधिक सदस्यांवरच्या प्रयोगातूनही हेच पुढे आलं, की नोकरी बदलताना सर्वांत उपयोगी पडतात त्या मधल्या ओळखी, फार घट्ट नाहीत आणि अगदी नावापुरत्याही नाहीत.

त्या संध्याकाळी त्यांचा पूर्ण बायोडेटा आला. खंडाच्या जागी एक ओळ होती, 'कुटुंबातील आजारपणामुळे नोकरीतून विराम'. दुसऱ्या फेरीत खरेदी प्रमुख जवळजवळ सगळा वेळ स्टोअरच्या कामाबद्दलच बोलत राहिले आणि त्यांची निवड झाली.

माणूस ठरला की उरलेल्या अर्जदारांना 'या जागेची निवड झाली आहे, तुमचा अर्ज तपासला गेलेला नाही' असा संदेश पाठवावा, हे मी आमच्या बैठकीत मांडलं. 'तपासला गेलेला नाही' हे शब्द वरिष्ठांना खटकतात, कंपनीची शोभा होते म्हणतात. मी ते गाळायला तयार नाही, चर्चा चालू आहे.