गळ्यापर्यंत पाण्यात

रात्र बरीच झालीये पण लिहून टाकतेच. संध्याकाळपासून फिलिपिन्सची गायिका रेजीन व्हेलास्केझ हिची नव्वदच्या दशकातली गाणी लावलीयेत आणि डोक्यातून एक गोष्ट काही केल्या जात नाहीये, की लहानपणी तिचे वडील तिला समुद्रात गळ्यापर्यंत पाण्यात उभं करून गायला लावायचे. फिलिपिन्समधल्या दक्षिण लेयतेचं हिनुंदायान गाव, वडीलच गुरू. छातीवर चहूबाजूंनी पाण्याचा दाब, अशात दम भरायचा म्हणजे खायचं काम नाही, साधी छाती फुलवायलाही जोर लावावा लागतो, आणि त्यात पोरीने वरचा सूर लावायचा! आपल्याकडे पहाटे उठवून खर्ज लावायला बसवतात ना, तसलाच चिवट रियाज हा.

पुढे घरचे मनिलाजवळ बुलाकानला आले आणि मग स्पर्धांवर स्पर्धा. तिकडे गावच्या जत्रेतसुद्धा गाण्याची स्पर्धा असते, कितीतरी गायक असेच वर आलेत. १९८४ मध्ये ती टीव्हीवरची 'आंग बागोंग काम्पेऑन' जिंकली, वय फक्त १४. आता वाटेल झालं, पोरगी स्टार झाली! पण कुठलं काय, १९८६ मध्ये पहिलं गाणं आलं ते चोना व्हेलास्केझ या नावाने आणि फारसं चाललंच नाही. मग नाव बदलून रेजीन झालं, १९८७ मध्ये पहिला अल्बम आला, आणि १९८९ मध्ये हाँगकाँगला एशिया पॅसिफिक सिंगिंग कॉन्टेस्ट जिंकली तेव्हा कुठे देशाबाहेर नाव झालं. टीव्हीवर जिंकल्यानंतरची ही पाच वर्षं कोणी फारसं बोलतच नाही, मला तर तीच सगळ्यात महत्त्वाची वाटतात, कारण एकदा जिंकून परत लोकांना आपलं नाव नव्याने सांगायचं, तेही विशीच्या आत, याला केवढी हिंमत लागत असेल.

म्हणून तिला नुसतं 'गॉड गिफ्ट' म्हटलं की मला राग येतो. आवाज असेल देवाचा, पण तो ताणलेला सूर न थरथरता एवढा वेळ टिकतो ती मेहनत तिची आणि तिच्या वडलांची आहे. २००० साल उजाडलं तेव्हा जगभर दाखवलेल्या कार्यक्रमात फिलिपिन्सकडून तीच गायली, मकातीतल्या पेनिन्सुला हॉटेलच्या गच्चीवरून. तोपर्यंत 'एशियाज साँगबर्ड' म्हणून तिला सगळे ओळखायला लागले होते आणि त्या नावावर तिचा पुरेपूर हक्क होता.