आमची वाटचाल : पानवेलीच्या बेण्यापासून तयार रोपांपर्यंत

सुरुवात साधीच होती. चांगल्या वेलींचे शेंड्याकडचे फाटे कापायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि विकायचे, बस्स. पण नुसतं बेणं विकण्यात एक गोची आहे, वाटेत उन्हात पडून राहिलं की गाठीवरची मुळं वाळतात आणि मग गिऱ्हाईक म्हणतं तुमचं बेणंच खराब होतं. म्हणून मुळं धरलेली रोपंच पिशवीत द्यायची असं ठरवलं आणि धंदा खरा तिथून बदलला.

बेणं घेतो ते फक्त आधाराला चिकटून सरळ वर चढणाऱ्या वेलीचं, जिच्या गाठीगाठीला बारीक मुळं असतात. बाजूला फुटलेली आडवी फांदी कितीही टवटवीत दिसली तरी नको, ती जगते पण चढायचं नाव घेत नाही. तीन ते पाच डोळे ठेवून कापायचं, पातळ बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) बुडवायचं, खालचे दोन-तीन डोळे मातीत आणि पिशवी सावलीत. पाणी थोडं थोडं पण सारखं, कारण साचलेल्या पाण्यात कांडी कुजलीच म्हणून समजा.

नवीन पोरं कामाला आली की हमखास फसतात, पहिलं पान उघडलं की ओरडतात रोप लागलं! अरे बाबा, ते पान कांडीत साठलेल्या अन्नावरही येतं, खाली मूळ असेलच असं नाही. कांडी हलकेच ओढून बघ, माती धरून बसली असेल तर लागलं. साधारण 3-4 आठवडे जातात, थंडीत जास्त. त्याआधी गाडीत एकही पिशवी चढत नाही, ऑर्डर कितीही अर्जंट असो.

सगळ्यात खर्चिक काम म्हणजे मातृवेलींचा, म्हणजे ज्यांचं बेणं घेतो त्या वेलींचा, वेगळा प्लॉट. पानवेल बियांपासून कोणी लावत नाही, प्रत्येक रोप म्हणजे तीच जुनी वेल पुढे चाललेली, त्यामुळे तिचे गुण येतात तसा मर रोगही बेण्यासोबत येतो. एक वेल पिवळी पडून सुकायला लागली तर आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या वेलींचंही बेणं आम्ही घेत नाही. पार्टनर कुरकुरतो, सीझन जातो म्हणून... जाऊ दे की. रोपं संपलीत असं फोनवर सांगायला मला काही वाटत नाही, पुढच्या लॉटसाठी नाव लिहून घेतो आणि तेव्हाच विचारतो की जमिनीत पाणी तुंबतं का, तुंबत असेल तर आधी चर काढा, रोपं नंतर न्या.