एन-९५ बदलून मिळेना: स्टोअरच्या खिडकीवरचा माझा अनुभव

मी मुंबईत टीबी वॉर्डला स्टाफ नर्स आहे. गोष्ट जुलैमधली आहे पण आठवलं की अजून डोकं तापतं, म्हणून लिहितेय.

नवीन एन-९५ मास्कसाठी इंडेंट, म्हणजे स्टोअरकडे सामान मागायचा फॉर्म, भरला, इन्चार्ज सिस्टरची सही झाली, मेट्रन ऑफिसचा शिक्का झाला, सगळं पटापट. अडलं ते स्टोअरच्या खिडकीवर. फॉर्मवर 'बदलण्याचे कारण' असा रकाना आहे, त्यात मी लिहिलं होतं 'घामाने ओला, पट्टे सैल'. तिथले साहेब म्हणाले, फाटलाय का? नाही ना, मग वाळवा आणि वापरा, ओला झाला हे काही कारण होत नाही. फॉर्म परत. पुन्हा गेले तर म्हणे जुना मास्क आणून दाखवा. पिशवीतून नेला, तर टीबी वॉर्डात वापरलेला मास्क त्यांनी उघड्या हाताने उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, अहो सिस्टर, चांगला तर आहे, सॅनिटायझर मारा की थोडं! तिथे माझा आवाज चढला.

कारण सॅनिटायझर हीच सगळ्यात वाईट गोष्ट आहे. एन-९५ च्या आतला थर पॉलीप्रोपिलीनच्या बारीक तंतूंचा असतो, त्यावर कायमचा विद्युत भार दिलेला असतो आणि बारीक कण त्या भारामुळे ओढले जाऊन चिकटतात. अल्कोहोल लागलं की तो भार जातो, साबणाच्या पाण्यानेही जातो. आणि कळत काहीच नाही, मास्क दिसायला तसाच, श्वासही तसाच, फक्त गाळायची ताकद उतरलेली.

आता दमटपणाचं. खरं सांगायचं तर नुसत्या दमट हवेने फिल्टर लगेच बाद होत नाही, पॉलीप्रोपिलीन पाणी धरत नाही. अमेरिकेत असे मास्क तपासून मान्यता देणारी सरकारी संस्था आहे नायॉश, तिच्या चाचणीत मास्क आधी ३८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत साधारण एक दिवस ठेवतात आणि मगच ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडतात का ते बघतात. म्हणजे मुंबईचा पावसाळा त्यात धरलेलाच आहे म्हणा. पण ती चाचणी कोऱ्या मास्कची. आमचा मास्क अख्खी ड्युटी तोंडावर, काढ-घाल चालूच, नाकाची पट्टी वाकवून वाकवून ढिली झालेली, पट्टे ताणून लांबलेले, कडा घामाने मऊ. श्वास सोडला की चष्म्यावर वाफ आणि डोळ्याखाली गार झुळूक. तिथून हवा बाहेर जाते तशी आतही येते, मग फिल्टर कितीही शाबूत असला तरी काय उपयोग? पट्ट्यांसाठीच सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने, कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर, एक मास्क ५ वेळांपेक्षा जास्त घालू नका असं म्हटलं होतं.

शेवटी इन्फेक्शन कंट्रोलच्या मॅडमकडे गेले, त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, रकान्यात 'सील चेक फेल' लिहा (म्हणजे मास्क तोंडावर घट्ट बसत नाही, कडेने हवा गळते), मी खाली सही करते. तेवढ्यावर मास्क मिळाले! त्या दिवशी स्टोअरमधून बाहेर पडताना एवढं मोकळं वाटलं.

तर तुमचंही अडलं तर 'ओला' लिहू नका, सील चेकचं लिहा, आणि ती सही आधीच घेऊन जा. पुन्हा वापरावाच लागणार असेल तर कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत तो वाळतच नाही. श्वास घ्यायला जड जायला लागला की थेट बदलाच. आणि हो, नाव-तारीख पेनाने पट्ट्यावर लिहायची, मास्कच्या कापडावर नाही. व्हॉल्व्हवाला कोणी देत असेल तर वॉर्डासाठी घेऊ नका, त्यातून आपला श्वास न गाळता पेशंटकडे जातो, आरोग्य मंत्रालयानेही २०२० च्या जुलैमध्येच त्याबद्दल राज्यांना पत्र पाठवलं होतं.